ढाळ

आकाशकंदील अजून उतरवायचाय
आणि शालन म्हणते, आधी अंगण.
परवा दूधवाला घसरला.
किटली सावरली त्यानं, स्वतःला नाही.

चार महिने पाणी पिऊन बसलंय अंगण.
शहाबादीवर शेवाळ असं धरलंय
की पायाला आधी मऊ लागतं, मग कळतं.
कट्ट्याच्या बुडाशी गाळाची रेघ:
पंचगंगा यंदा पायरीपर्यंत आली,
आत या म्हणायची वाट न बघता परत गेली.
शुक्रवार पेठेत एवढ्याला पूर म्हणत नाहीत.

खराटा झाला, तारेचा ब्रश झाला,
आता उलथनं, शालनचं, ती बघत नाही तोवर.
ब्लीचिंगचा वास थेट टाळूला.
हिरवं पाणी मोरीकडं निघतं
आणि अर्ध्या वाटेत थबकतं.
तिथं रेघ आहे.

रेघ सिमेंटची, बोटभर रुंद.
अलीकडं मी, पलीकडं रंगराव.
वाटणीच्या वर्षी आम्हीच मारली, सुतळी धरून,
एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या,
आणि दोघांनीही आपापलं टोक
हळूच दुसऱ्याच्या अंगणात सरकवलं.
म्हणून ती तिरकी आहे.

तो आठ वर्षं भोसरीला.
त्याच्या सांध्यातून पिंपळ उगवलाय,
चार पानांचा, उद्धट.

दस्तगीर मिस्त्री दहाला येतो. सांगितलेलं आठला.
लाकडी ठोकळ्यानं एकेक फरशी वाजवतो,
मान तिरकी, डॉक्टरसारखा.
बद्द वाजली की खडूची फुली.
एक फुली काळ्या तडकलेल्या फरशीवर:
गेल्या पौषात तिच्यावरच शेकोटी केली मी,
फट्‌कन आवाज झाला, पाठोपाठ शालनचा.
यंदा घमेलं, खाली तीन विटा, शपथ आहे.

सात फुल्या माझ्यात.
मग तो ठोकळा वाजवत रेघ ओलांडतो.
‘तिकडं नको,’ मी म्हणतो, ‘ते भावाचं.’
‘अकरा,’ तो म्हणतो.
‘मालक, ढाळ हिकडनं तिकडं हाय, मोरी त्येंच्यात.
पाण्याला वाटणीपत्र वाचाय येत न्हाई.
तिकडचं बसलं की तुमच्यात तळं.’
‘आणि पैसे?’
‘त्ये तुमचं तुम्ही बघा. वाळू किती पोती सांगू?’

दुपारी फोन लावला. कट केला.
परत लावला.
‘थंडी पडली का?’ रंगरावनं विचारलं.
‘पडंल. पहाटे फरशी गार लागायला लागलीय.’
‘कट्ट्यावर ऊन कितीला येतंय?’
‘आठला. तुझ्या बाजूला आधी.’
तो जरा थांबला. ‘माहितीय,’ म्हणाला.
मग ट्रॅफिकचं बोलला, गुडघ्याचं बोलला.
वाळूचं मी काढलंच नाही.
सोळा पोती दारात उतरत होती,
हमालांचा आवाज त्याला गेलाच असणार.

दोन दिवस लागले.
पिंपळ मुळासकट निघाला. शालननं तो
टाकू दिला नाही, डालड्याच्या डब्यात लावला,
नदीकाठी नेऊन लावा म्हणाली.
डबा अजून कट्ट्यावर आहे.
सांधे खरवडले, धुतले, भरले.
‘आता सात दिवस पाणी मारायचं,’ दस्तगीर म्हणाला,
‘आन्‌ पाय ठेवायचा न्हाई. कुणीबी.’
ओली पोती अंथरली, सुतळी बांधली,
दूधवाल्याला बोळातनं फिरून यायला लावलं.

तिसऱ्या पहाटे खोकत बाहेर आलो.
उसाच्या ट्रॉल्या नाक्यावर धडधडत होत्या,
हवेत पहिली चुणचुण,
बोळाच्या तोंडाशी कुणाची तरी कानटोपी.
एक पोतं सरकलेलं होतं.
ओल्या सिमेंटवर मांजराची पावलं,
माझ्या बाजूनं सुरू, रेघेवर एक अख्खं,
मग थेट त्याच्या मोरीपर्यंत,
अजिबात न थांबता.

थापी आणायला आत गेलो.
चहा झाला होता, तो घेतला.
दुसरा घेतला.
तोवर घट्ट झालं सगळं.